कागद आडवा, पडदा उभा

शिंदे, होळकर आणि गायकवाड यांच्या दौलतींबरोबर ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्यास आलेल्या आमच्यापैकी अनेक घराण्यांचा चरितार्थ तलवारीपेक्षा लेखणीवर अधिक चालला. फडणीस, चिटणीस ही आज आडनावे असली तरी एके काळी ते हुद्दे होते. बैठकीवर मांडी घालून बोरूने मोडी लिहिणाऱ्या त्या मंडळींचे खरे भांडवल म्हणजे त्यांचे डोळे.

त्या काळी उजेड कमी पडे, हे खरे. पण तो डोळ्यांवर सहसा उलटत नसे. कागद आडवा, नजर खाली झुकलेली. शिवाय खरखरीत कागदावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, आरशासारखा परतत नाही. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत नळीचे दिवे बाजारात आले आणि कालांतराने आमच्या कचेऱ्यांच्या छतांवरही चढले. आडव्या कागदाला वरून भरपूर उजेड, ही योजना योग्यच होती.

संगणक आला आणि कागदाच्या जागी काचेचा पडदा उभा राहिला. नजर वर उचलली गेली. दिवे मात्र होते तिथेच राहिले. समोरच्या काचेत पाठीमागची खिडकी आणि डोक्यावरची नळी उमटू लागली. प्रारंभी पडद्यातून बाहेर पडणाऱ्या किरणांचीच धास्ती लोकांनी घेतली होती. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ च्या अहवालात दोष किरणांचा नसून मुख्यतः प्रकाशयोजनेचा व बैठकीच्या मांडणीचा असल्याचा निर्वाळा दिला.

युरोपीय समुदायाने १९९० मध्ये निर्देश काढून पडद्यावरील चकाकी टाळण्याचे बंधन मालकांवर घातले आणि कर्मचाऱ्यांना नेत्रतपासणीचा हक्क दिला. आमच्याकडे काय घडले? १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १७ ने दिव्याची थेट वा गुळगुळीत पृष्ठभागावरून परतणारी चकाकी रोखण्यास सांगितले होते. पण ते कामगारासाठी. १९८७ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच केले, की उत्पादन होत नसेल तर केवळ संगणक बसवल्याने जागा कारखाना ठरत नाही. यंत्रावर राबणाऱ्याच्या डोळ्यांची कायद्याने दखल घेतली. लिहिणाऱ्याचे डोळे मात्र त्या कलमाच्या उंबऱ्याबाहेरच राहिले.

म्हणूनच कचेरीतून डोळे चोळत परतणाऱ्या मुलासुनांना आम्ही 'चाळिशी लागली असेल' म्हणून गप्प करतो, तेव्हा आमचे चुकते. नंबर तपासून घ्यावाच. पण सोबत मेजही तपासावे. खिडकी पाठीशी वा समोर न ठेवता बाजूला घ्यावी, दिव्याला आडोसा करावा, पडदा किंचित कलता ठेवावा. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात. म्हणून अधूनमधून नजर दूर न्यावी. खिडकी बाजूला ठेवून दौलतीचे कागद रंगवणाऱ्या घराण्यांना यात परके असे काय आहे?