काठावरचे नाटक आणि परीक्षकाची खुर्ची

दुसऱ्या महायुद्धाने होरपळलेल्या युरोपला कलेच्या द्वारे पुन्हा एकत्र आणावे, या हेतूने १९४७ साली स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. लंडनची ओल्ड व्हिक मंडळी, पॅरिसचे लुई जुव्हे यांना सन्मानाने पाचारण करण्यात आले. यजमान स्कॉटलंडच्या एकाही नाटक मंडळीला मात्र त्यात जागा नव्हती. तेव्हा आठ मंडळ्या आमंत्रणावाचून आल्या आणि मिळेल त्या सभागृहात त्यांनी आपले खेळ लावले. त्यांत कामगारांच्या नाट्यगटांच्या एकीतून उभे राहिलेले ग्लासगो युनिटी थिएटर होते. त्यांनी गॉर्कीचे 'द लोअर डेप्थ्स' केले. समाजाच्या तळातली माणसे अशी न बोलावता रंगमंचावर आली.

या चळवळीला 'फ्रिंज', म्हणजे काठ, किनार, हे नाव कोणी दिले? १९४८ साली रॉबर्ट केम्प यांनी वृत्तपत्रातील लेखात हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्याच वर्षी अधिकृत महोत्सवात गाजलेल्या 'द थ्री इस्टेट्स' या जुन्या स्कॉटिश नाटकाची रंगावृत्ती याच केम्प यांची होती. केम्प यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. परंतु काठाला काठ म्हणणारा माणूस मध्यभागी उभा होता, हे खरे. 'गावकुसाबाहेर' हा शब्दही कुसाच्या आत राहणाऱ्यांच्या नजरेतूनच बनलेला आहे. एडिंबऱ्याचे कलावंत अस्पृश्य नव्हते, तुलना एवढ्यापुरतीच.

१९५८ साली या मंडळ्यांची फ्रिंज सोसायटी स्थापन झाली. कोणाचेही नाटक तपासायचे नाही, निवडायचे नाही, येईल त्याला येऊ द्यायचे, हे तिचे धोरण. लोकशाही तत्त्व म्हणून ते थोरच आहे. पण दरवाजा काढून टाकला म्हणजे द्वारपाल नाहीसा होतो काय? तो परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसला.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी मंडळीने टॉम स्टॉपर्ड या नवख्या लेखकाचे 'रोझेनक्रँट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड' येथे केले. 'ऑब्झर्व्हर'मध्ये रोनाल्ड ब्रायडन यांनी त्याची मनापासून प्रशंसा केली. ती वाचून नॅशनल थिएटरच्या केनेथ टायनन यांनी संहिता मागवली आणि एप्रिल १९६७ मध्ये ते नाटक लंडनमध्ये ओल्ड व्हिकच्या रंगमंचावर उभे राहिले. ही कथा नेहमी सांगितली जाते. ज्यांच्या खेळाला ब्रायडन पोहोचलेच नाहीत त्यांची कथा सांगायला साधनच उरलेले नाही.

१९७३ पासून 'स्कॉट्समन' पत्राने नव्या संहितांसाठी 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार सुरू केले. कलासंपादक ॲलन राइट यांची ही योजना नवे लिहिणाऱ्यांना बळ देणारी ठरली. पण पुढे पसारा वाढला. २०१९ साली साडेतीन हजारांहून अधिक कार्यक्रम झाले. एवढे पाहणार कोण? परीक्षण पाच ताऱ्यांत आटले आणि ते तारे जाहिरातीवर चिकटवले जाऊ लागले. शिवाय प्रवेश खुला असला तरी तो फुकट नाही. नोंदणी, सभागृहाचे भाडे, निवासाचा खर्च हे सारे मंडळीनेच भरायचे. निवड समितीचे काम आता खिसा करतो.

मी इतिहास शिकवतो; माझ्या घरात पहिले पुस्तक माझ्याबरोबर आले. म्हणून परीक्षणाकडे मी दस्तऐवज म्हणून पाहतो. छोट्या मंडळीचे नाटक तीन-चार प्रयोगांत संपते, संहिता छापली जात नाही. उद्याच्या अभ्यासकाच्या हाती उरतो तो कोणीतरी लिहिलेला मजकूर. तेव्हा चांगले-वाईट एवढाच निवाडा देऊन परीक्षकाचे काम संपत नाही. खेळ कुठे झाला, समोर किती माणसे होती, तिकीट कोणाला परवडले, कोणत्या वाक्याला सभागृह गप्प झाले, हे त्याने लिहिले पाहिजे.

ग्लासगोच्या कामगारांनी आमंत्रणाची वाट पाहिली नाही. आपल्या वस्तीतल्या, महाविद्यालयातल्या नाटकांबद्दल लिहिण्यासाठी आपणही मध्यभागातल्या समीक्षकाची वाट पाहू नये. रंगमंच मिळवणे हा अर्धा लढा आहे. उरलेला अर्धा त्याची नोंद आपल्या हाताने करण्याचा आहे.