पवित्र भूमीचा तंटा आणि बाहेरच्या सत्ता

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून लढताना साताऱ्याजवळील आपशिंगे मिलिटरी या गावाचे ४६ जवान धारातीर्थी पडले. ज्या साम्राज्यासाठी ते लढले, त्याचे परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी २ नोव्हेंबर १९१७ रोजी पॅलेस्टाईनमध्ये ज्यू लोकांच्या राष्ट्रीय निवासस्थानास पाठिंबा जाहीर केला. भूमी ब्रिटनची नव्हती, आणि तेथील बहुसंख्य अरबांना कोणी विचारले नव्हते. (आपशिंग्याच्या जवानांनाही अर्थातच कोणी विचारले नव्हते.) आजच्या तंट्याचे एक मूळ आम्हांस येथे दिसते.

१९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव संमत केला. भारताने विरोधात मत दिले. पुढे युद्धे झाली.

बाहेरच्या मध्यस्थीने काहीच साधत नाही, असे मात्र नव्हे. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना कॅम्प डेव्हिड येथे तेरा दिवस एकत्र ठेवले. त्यातून झालेला १९७९ चा तह आजतागायत टिकून आहे. त्याच वाटाघाटींतील पॅलेस्टिनींविषयीचा भाग कागदावरच राहिला, कारण पॅलेस्टिनी तेथे नव्हतेच. नॉर्वेच्या मध्यस्थीने झालेल्या १९९३ च्या ऑस्लो करारात ते होते. पण जेरुसलेम, सीमा व निर्वासित हे कळीचे प्रश्न पुढे ढकलले गेले. वसाहती वाढत राहिल्या, आत्मघाती हल्ले झाले, आणि १९९५ मध्ये पंतप्रधान राबिन यांची हत्या झाली.

अडचण अशी की मध्यस्थ हाच शस्त्रे पुरवणारा असतो. अमेरिकेने २०१६ मध्ये इस्रायलला दहा वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलरचे लष्करी साहाय्य मान्य केले; इराणने हमासला पैसा व शस्त्रे दिली. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर गाझात युद्ध पेटले, तेव्हा इराणचा पाठिंबा असलेल्या येमेनमधील हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. युरोपला जाणाऱ्या तासगावच्या द्राक्षांचा प्रवास लांबला आणि भाडेही चढले. सांगलीच्या बागायतदाराला या तंट्याची झळ अशी पोहोचली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिका, इजिप्त, कतार व तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने युद्धविराम झाला. १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने गाझासाठी आंतरराष्ट्रीय दल आणि अमेरिकी अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील शांतता मंडळ यांस मान्यता दिली. त्या ठरावात पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख आहे, पण केवळ अटींवर अवलंबून असलेली शक्यता म्हणून.