एका दिवसात थाळनेर

एका दिवसात तीन ठिकाणे 'करून' परतायचे, अशी सहलीची आखणी आता सर्वत्र रूढ झाली आहे. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर तुलूम नावाचे माया लोकांचे एक नगर आहे. तिथे जाणारे प्रवासी सकाळी अवशेष, दुपारी भूगर्भातील एखादे नैसर्गिक कुंड आणि संध्याकाळी कॅरिबियन समुद्राची वाळू असा बेत करतात, आणि रात्री दमून हॉटेलात परततात. या घाईची थट्टा करणे सोपे आहे. पण नोकरदार माणसाला एकच रविवार हाती असतो, हे आम्हा प्राध्यापक मंडळींना चांगले ठाऊक आहे. तेव्हा घाई करू नका असे सांगण्यापेक्षा, एका दिवसात नेमके काय बसवावे आणि काय निर्दयपणे गाळावे, याचा विचार करणे अधिक उपयोगाचे. देवपुरातून पहाटे निघणाऱ्यासाठी आमच्या मनातली अशी एक आखणी आहे: सोनगीर, थाळनेर आणि पांझरा-तापीचा संगम. समुद्र आम्हाला नाही. आमचा काठ तापीचा.

पहिली गोष्ट म्हणजे, याच दिवशी बळसाणे आणि भामेर उरकण्याचा मोह टाळावा. ती दोन्ही साक्री तालुक्यात, म्हणजे अगदी वेगळ्या दिशेला आहेत. बळसाण्याच्या देवळांना स्वतंत्र दिवस द्यावा, इतकी त्यांची योग्यता आहे. लळिंगही गाळावे. ते धुळ्याच्या दक्षिणेला इतके जवळ आहे की कोणत्याही संध्याकाळी जाता येते. उत्तरेकडे निघालेल्या माणसाने उत्तरेचाच रस्ता धरावा. आणि शक्य असेल तर आदल्या आठवड्यात एक संध्याकाळ राजवाडे संशोधन मंडळात घालवावी. इतिहासाचार्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला. त्यांच्यामागे जो कागदांचा ठेवा उरला, त्याच्या सावलीत बसून आल्यावर पडक्या बुरुजाकडे पाहण्याची नजर थोडी बदलते, असा आमचा अनुभव आहे.

सोनगीर आग्रा रस्त्यालाच लागून आहे. गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तांबटांच्या ठोक्यांचा आवाज पूर्वी दूरवर येई असे जुने लोक सांगतात. डोंगरीवरील किल्ल्यात आज फार काही उरलेले नाही. खोल विहीर पाहावी, वरून रस्ता पाहावा आणि तासाभरात उतरावे. हा रस्ता मात्र नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे थाळनेरला जे घडले ते याच रस्त्याने सातपुडा उतरून आले.

थाळनेर तापीच्या उत्तर काठी, शिरपूर तालुक्यात आहे. आज ते एक मोठे खेडे. पण १३७० साली फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला, आणि त्यातूनच फारुकी राजवंशाची सत्ता उभी राहिली. म्हणजे बुऱ्हाणपूर वसण्याच्या आधी खानदेशाची राजधानी इथे, या नदीकाठी होती. 'खानदेश' हे नाव याच वंशाच्या 'खान' या किताबावरून आले असे पुष्कळ जण मानतात. कान्हदेशापासून आले असे मानणारेही आहेत, आणि तो वाद चहाच्या टेबलावर मिटणारा नव्हे. मलिक राजाचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवले, आणि थाळनेर दुय्यम झाले. पण वैभव बुऱ्हाणपूरला गेले तरी या वंशाचे आरंभीचे राजे चिरविश्रांतीसाठी इथेच आले. बहमनी सैन्याकडून पराभूत होऊन नासिर खान १४३७ साली लळिंगला मरण पावला; कबर मात्र थाळनेरला. गावाबाहेरच्या या दगडी कबरींपैकी एक अष्टकोनी आहे आणि तिच्यावरील कोरीव काम डोळे भरून पाहावे असे आहे. इथे अर्धा तास तरी बसावे.

राजधानी गेली तरी वाट गेली नाही. सुरतेहून नंदुरबार, थाळनेर, चोपडा करीत बुऱ्हाणपूर आणि तिथून आग्रा असा तो मोगल काळातला मोठा व्यापारी मार्ग होता. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो सुरतेहून बुऱ्हाणपूरला पोहोचला तो साधारण पंधरवड्याच्या प्रवासानंतर. फ्रेंच जवाहिर ताव्हेर्निये यानेही आपल्या मुक्कामांच्या यादीत थाळनेर नोंदवले आहे. तुलूमचेही महत्त्व असेच होते: समुद्रातून आलेला माल तिथून आतल्या नगरांकडे जाई. १५१८ साली ग्रिहाल्वाच्या मोहिमेबरोबर आलेल्या हुआन दियास या पाद्र्याने त्या किनाऱ्यावरील एका नगराची तुलना थेट सेव्हिल शहराशी केली. ते नगर म्हणजे तुलूमच असावे असे मानतात. आणखी एक साम्य मौजेचे आहे. तुलूमला एका बाजूने समुद्र आणि तीन बाजूंनी तट. थाळनेरच्या किल्ल्याची एक बाजू तापीतूनच वर आल्यासारखी, उरलेल्या तीन बाजूंना खोल घळ. आत शिरण्याची वाट एकच, आणि तिच्यावर एकामागून एक पाच दरवाजे, वळणावळणाचे.

या पाच दरवाजांसाठीच खरे तर इथे यावे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. जनरल टॉमस हिस्लॉप सेंधव्याच्या घाटाने खाली उतरला. सेंधव्याचा किल्ला विनातक्रार मिळाला. थाळनेरही तसेच मिळेल या समजुतीत २७ फेब्रुवारीला तो इथे आला, तेव्हा तटावरून गोळी आली. किल्लेदार तुळशीराम मामा. किल्ला खाली करा, नाहीतर बंडखोर समजले जाल, असा निरोप हिस्लॉपने पाठवला. मग तोफा लावल्या. बाहेरचा दरवाजा ढासळला. इंग्रज तिसऱ्या दरवाजापाशी आले तेव्हा स्वतः किल्लेदार, पेठेतून आत आणलेल्या वाण्यांसह, बाहेर येऊन स्वाधीन झाला. चौथा दरवाजा मोकळा होता. पाचवा बंद. आत मुख्यतः अरब शिबंदी. तिला आधी अटी ठरवून हव्या होत्या. बऱ्याच बोलाचालीनंतर दिंडी दरवाजा उघडला आणि काही अधिकारी मोजक्या शिपायांसह आत शिरले. तिथे काय बोलले गेले, कोणाला काय समजले, हे धड कोणीच सांगू शकले नाही. झटापट झाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅक्ग्रेगर ठार झाले. त्यानंतर आतल्या सुमारे तीनशे माणसांची कत्तल झाली, आणि त्याच संध्याकाळी तुळशीराम मामाला फाशी देण्यात आले.

किल्लेदार त्या वेळी पाचव्या दरवाजाच्या आत नव्हता. तो आधीच स्वाधीन झालेला होता. मग त्याला फाशी कोणत्या अपराधाबद्दल? हा प्रश्न केवळ आमच्या प्रांताभिमानातून आलेला नाही. १८१९ साली या युद्धातील सेनानींचे आभार मानण्याचा ठराव ब्रिटिश संसदेपुढे आला तेव्हा थाळनेरचे प्रकरण तिथेही निघाले. प्रथम गोळी किल्ल्यातून आली हे खरे, आणि आत शिरलेल्या अधिकाऱ्यांवर वार झाले हेही खरे. परंतु भाषा न कळल्याने उडालेल्या गोंधळाला विश्वासघात ठरवून त्याची शिक्षा तिसऱ्यालाच देणे, याला न्याय म्हणता येत नाही. मेलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांची नावे, हुद्दे सगळे नोंदलेले आहे. तीनशेंपैकी बहुतेकांचे नाव आपल्याला माहीत नाही. किल्लेदाराचेही अर्धे नाव म्हणजे नात्याचे संबोधन.

मराठीच्या अध्यापकाला याच वर्षातली मालेगावची हकीकत इथे आठवल्यावाचून राहत नाही. नारोशंकरांच्या त्या भुईकोटातही अरबच होते. मे-जून १८१८ मध्ये त्यांनी इंग्रजांना जेरीस आणले आणि शेवटी शरणागतीची बोलणी झाली. त्या वेळी अरब जमादाराला दिलेल्या मराठी पत्राचा मजकूर असा उतरला, की त्यांच्या हिताचे जे असेल ते सरकार करील अशी हमी त्यातून निघत होती. इंग्रज सेनापतीच्या मनात एवढे औदार्य नव्हते. पण शब्द कागदावर गेला होता. एल्फिन्स्टनने तो पाळायचे ठरवले, आणि अरब जिवंत बाहेर पडले. थाळनेरच्या पाचव्या दरवाजापाशी असा एक कागद, मग तो कितीही वाईट मराठीत असो, कोणी लिहून घेतला असता तर? इतिहासात 'तर' ला जागा नाही म्हणतात. पण पडक्या दरवाजासमोर उभे असताना तो मनात येतोच.

किल्ल्याचा आज अवशेषच आहे. तटाची माती नदीकडे घसरते आहे, आणि पाच दरवाजांची वळणे कल्पनेनेच जुळवावी लागतात. विद्यार्थी बरोबर असतील तर त्यांना घळीतून वर चालवावे, म्हणजे साठ फूट उंची म्हणजे काय ते पायांना कळते. उन्हाळ्यात मात्र हा उद्योग करू नये. पौषातला दिवस बरा: बरोबर कळण्याची भाकरी आणि भरीत असावे, आणि जेवायला कबरींजवळ नव्हे तर नदीकाठी उतरावे.

दुपारी तापी ओलांडून दक्षिण काठाने मुडावदच्या बाजूला यावे. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या शिवेवर इथे पांझरा तापीला मिळते. काठी कपिलेश्वराचे देऊळ आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. यात्रेच्या दिवशी मुद्दाम जाऊ नये, गर्दीत संगम दिसत नाही. एरवी फार पाहण्यासारखे नाही, आणि तेच दिवसाच्या शेवटी हवे असते. देवपुरात एकवीरा देवीच्या पायथ्याशी रोज दिसणारी, बहुतेक महिने कोरडीच असणारी आपली नदी इथे येऊन संपते. पाच वाजेपर्यंत थांबावे. त्यानंतर निघाल्यास अंधार पडता पडता धुळे गाठता येते.