गिरणीचा भोंगा आणि तान्हे बाळ

कोकणातून व देशावरून ज्या स्त्रिया पोटासाठी मुंबईच्या गिरणगावात आल्या, त्यांनी भांड्याकुंड्यांबरोबर गावच्या रीतीही आणल्या. पहिला चीक पिळून टाकावा, बाळाला मधाचे बोट चाटवावे, बाळंतिणीला अळीव-डिंक द्यावा. चीक टाकणे आणि मध चाटवणे चुकीचे, हे आज आपण जाणतो; पण बाळंतिणीला जपणेही त्याच रीतींत होते. गावी सासू-जाऊ हाताशी असे. चाळीतल्या खोलीत पुष्कळदा कोणीच नसे.

भोंगा झाला की आई गिरणीत. कायद्यानेच दिवसाला ११ तास काम घेता येई. मग बाळ निजून राहावे म्हणून अफूची बाळगोळी. १९२२ साली डॉ. बार्न्सबाईंच्या पाहणीत कामगार मातांच्या १०० पैकी ९८ तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचे आढळले. गुंगीतले मूल नीट पीत नाही, वाळत जाते.

हे प्रथम वाचले तेव्हा मला त्या मातांचा राग आला. मग त्या ११ तासांचा हिशेब मनाशी मांडला आणि राग ओसरला. पुढे मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूती-लाभाचा कायदा झाला, १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघर आले, १९६१ च्या कायद्याने बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी दिली.

आजही परगावाहून बांधकामावर माता येतात. त्यांना उपदेश करण्यापूर्वी आपण एवढेच विचारू या: “बाई, बाळाला पाजायला तुला वेळ आणि आडोसा मिळतो का?”