अंगावरून वारे गेल्यानंतर

आपल्या भाषेत काही रोगांस नाव असते, काहींस नुसते क्रियापद. ‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे काय झाले, हे गोंदियाच्या बाजारपेठेत काय किंवा सालेकशाच्या जंगलकाठच्या खेड्यात काय, कोणास समजावून सांगावे लागत नाही. वारे आले, अर्धे अंग घेऊन गेले. आता मागे राहिलेल्याने खाटेवर पडून राहावे, घरच्यांनी तेल चोळावे आणि दैवाची वाट पाहावी, असा पुढचा सगळा कार्यक्रम त्या तीन शब्दांत जणू आधीच ठरलेला असतो. आमच्या मते या वाक्प्रचाराने पुष्कळ चालू शकणारी माणसे खाटेस खिळवून ठेवली आहेत. वाऱ्याचा म्हणजे रोगाचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांत विपुल सापडतो. पडलेल्या माणसाने उठून पुन्हा पाऊल टाकावे यासाठी जी विद्या निर्माण झाली तिचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा कोणी सांगितलेला नाही, म्हणून इतिहासाच्या अध्यापकाने वैद्यांच्या अंगणात पाऊल टाकण्याचे हे धाडस.

प्रथम शब्दांकडे पाहू. पूर्व विदर्भात ‘लकवा’ हा शब्द सर्रास चालतो. तो अरबी, परंतु युनानी वैद्यकात लकवा म्हणजे केवळ तोंड वाकडे होणे, आणि अर्धे अंग लुळे पडणे यास शब्द निराळा, ‘फालिज’. लोकभाषेने या दोहोंतील भेद पुसून टाकला. संस्कृत ग्रंथकार ‘पक्षाघात’ किंवा ‘पक्षवध’ म्हणत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात वातव्याधींचे जे विवेचन आहे त्यात या रोगाला स्नेहयुक्त स्वेदन आणि विरेचन सांगितले आहे. तेल, शेक आणि शोधन ही परंपरा आजही घरोघरी जिवंत आहे, आणि तीमुळे रोग्यास बरे वाटत असेल तर आम्ही तिची थट्टा करणार नाही. पण तेल लावून घेणारा रोगी निजलेला असतो, एवढे ध्यानात ठेवावे. युरोपातही काही निराळे नव्हते. स्वित्झर्लंडातील योहान याकोब वेप्फर याने १६५८ साली मृतांची शरीरे तपासून दाखविले की, हा झटका मेंदूतील रक्तस्रावाने येतो. कारण कळले, तथापि रोग्याच्या पायास त्या ज्ञानाचा उपयोग पुढील सव्वादोनशे वर्षे झाला नाही.

तो प्रथम झाला तो एका परीक्षार्थ्यामुळे, असे सांगतात. हायडेन हे स्वित्झर्लंडातील एक लहानसे आरोग्यस्थान. तेथे हाइनरिख फ्रेंकेल नावाचा वैद्य १८८७ च्या सुमारास एका रोग्याची तपासणी करीत होता. रोग अर्धांगवायू नव्हे. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू झिजून पावले कोठे पडतात याचे भानच नाहीसे होते, तो. डोळे मिटून बोट नाकास लावावयाचे, ही परीक्षा. रोगी साफ नापास झाला. काही महिन्यांनी तोच रोगी आला आणि बोट बिनचूक नाकास लावून मोकळा झाला. रोग तर तसूभरही हटलेला नव्हता. वैद्याने आश्चर्याने विचारले, तेव्हा गृहस्थ म्हणाला, परीक्षेत उत्तीर्ण व्हावयाचे होते, म्हणून घरी सराव केला! आम्ही आयुष्यभर परीक्षा घेतल्या. परंतु एखाद्या परीक्षार्थ्याने परीक्षकासच एवढे शिकविल्याचे दुसरे उदाहरण आम्हास ठाऊक नाही. फ्रेंकेलने त्यातून एक संपूर्ण पद्धती उभारली. जमिनीवर रेघा आखाव्या, पावलांचे ठसे रंगवावे, आणि रोग्याने डोळ्यांच्या आधाराने एकेक पाऊल नेमके त्या ठशावर टाकावे. गेलेला स्नायू किंवा नष्ट झालेला मज्जातंतू परत येत नाही. पण उरलेल्यास शिकविता येते, ही या विद्येची मूळ कल्पना. बाराखडी गिरविणाऱ्या मुलास पाटीवर बोट धरून शिकवितात त्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे पाटी जमिनीची असते.

पुढे १९१७ साली अमेरिकेत ऑग्डेन आणि फ्रान्झ या दोघांनी माकडांवर प्रयोग केले. मेंदूस इजा करून एक बाजू लुळी पाडलेल्या माकडाचा चांगला हात बांधून ठेविला आणि लुळा हात वापरावयास भाग पाडिले, तर थोड्याच आठवड्यांत तो कामास येऊ लागे. मोकळे सोडले तर माकड चांगल्या हातानेच काम भागवी आणि लुळा हात लुळाच राही. मनुष्याचेही असेच होते. या प्रयोगाकडे पन्नासाहून अधिक वर्षे फारसे कोणी पाहिले नाही.

येथे या इतिहासातील एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. अर्धांगवायूच्या रोग्यास जे जे मिळाले ते बहुतेक उसने मिळाले. फ्रेंकेलची पावले दुसऱ्याच रोगासाठी आखलेली. इंग्लंडात १८९४ साली अंगमर्दन करणाऱ्या परिचारिकांनी आपल्या धंद्याची अब्रू राखण्यासाठी संस्था काढली. तिला मोठेपण आले ते महायुद्धातील जखमी शिपायांमुळे. आणि हिंदुस्थानात ही विद्या आली ती मुलांचे बोट धरून, पोलिओच्या निमित्ताने. फातिमा इस्माईल या बाईंच्या मुलीस पोलिओ झाला. त्या अनुभवातून त्यांनी १९४७ साली मुंबईस अशा मुलांच्या उपचाराचे काम आरंभिले. १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, महानगरपालिका आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या साहाय्याने, भौतिकोपचाराचे देशातील पहिले विद्यालय उभे राहिले, आणि १९५५ साली हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. शिपाई तरुण, मुले निरागस. त्यांच्यासाठी समाजाच्या मनात कणव आणि खिशात पैसा असतो. साठीतला शेतकरी लुळा पडला, तर ‘वय झाले’ एवढेच आपण म्हणतो.

या उसनवारीत एक नाव महाराष्ट्राने विसरू नये असे आहे. एलिझाबेथ लुंडी ही अमेरिकेतील क्वेकर पंथीय घराण्यातील कन्या. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून ती १९३० साली मुंबईस आली आणि कमला निंबकर झाली. पुढे अमेरिकेत परत जाऊन कमलाबाईंनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० साली के. ई. एम. रुग्णालयातच त्याचे देशातील पहिले विद्यालय काढले. नागपुरासही अशा विद्यालयाचा पाया त्यांच्या हातूनच घातला गेला. व्यवसायोपचार म्हणजे रोग्यास धंदा लावून देणे, असा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आहे. वस्तुतः आंघोळ, कपडे, चूल, शेत या रोजच्या व्यवसायांतूनच अंग पुन्हा कामास लावणे, हा त्याचा अर्थ. नागपूर ते गोंदिया आगगाडीने सुमारे १३० किलोमीटर. म्हणजे ही विद्या गोंदियाच्या दाराशी येऊन आता दोन पिढ्या उलटून गेल्या.

दाराशी आली, पण कोणत्या रूपात? चालणे शिकवावे कसे, यावर जाणत्यांत मोठा वाद होता. बर्लिनहून परागंदा होऊन लंडनास आलेल्या बर्टा बोबाथ या बाईंनी व त्यांचे पती कारेल यांनी असे मत मांडले की, लुळ्या अंगात जो ताठरपणा येतो तो आधी उतरविला पाहिजे. ताठ अंगाने रोगी घाईने चालू लागला तर वाकडी चाल कायमची जडते. १९७० च्या आगेमागे हे मत जवळजवळ सर्वमान्य होते. मग १९८२ साली सिडनीच्या जॅनेट कार आणि रोबर्टा शेफर्ड यांनी उलट बाजू घेतली: पोहणे पाण्यात शिकतात, तसे चालणे चालूनच शिकावे; उठणे शिकावयाचे तर खुर्चीवरून शंभरदा उठावे. बोबाथबाईंच्या हातांत जादू होती हे त्यांचे टीकाकारही मान्य करतील. परंतु सुंदर चालीच्या प्रतीक्षेत चालणेच लांबणीवर पडणे ही चैन गरिबास परवडत नाही, आणि आमचा कौल सिडनीच्या बाजूस पडतो.

पुढील पुरावाही बव्हंशी त्याच बाजूचा आहे. कोपनहेगन येथे १९९५ साली ८०४ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. आरंभी त्यांतील निम्म्यांस चालता येत नव्हते. अखेरीस, जे जगले त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश स्वतंत्रपणे चालू लागले, आणि बहुतेकांनी जी काही मजल गाठली ती पहिल्या अकरा आठवड्यांत. अकरा आठवडे म्हणजे आपल्या झाडीपट्टीच्या हिशेबाने रोवणी झाल्यापासून हलके धान कापणीस येईपर्यंतचा काळ. तेवढा काळ खाटेवर गेला तर हंगामच गेला. त्यानंतर काहीच सुधारत नाही असे मात्र नव्हे. वर्षानंतरही सरावाने चाल सुधारलेली माणसे आहेत. उलटपक्षी, अतिघाईही बाधते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या २१०४ रोग्यांच्या परीक्षणात, पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठवून चालविलेल्यांची स्थिती सावकाश उठविलेल्यांपेक्षा किंचित वाईटच निघाली.

आमच्या दृष्टीने सर्वांत बोलकी परीक्षणे दोन. पहिले अमेरिकेतील, २०११ चे. ४०८ रोगी. काहींस पट्ट्यांनी अधांतरी तोलून फिरत्या पट्ट्यावर चालविले. इतरांच्या घरी प्रशिक्षित उपचारक जाऊन बळ आणि तोल यांचे साधे व्यायाम घेई. वर्षअखेर दोहोंत फरक निघाला नाही. एकंदर निम्म्याहून थोड्या अधिकांची चाल सुधारली. यंत्र जिंकले नाही. दुसरे परीक्षण आपल्या देशातील, २०१७ चे. १४ रुग्णालयांतील १२५० रोगी. येथे उपचारकाचे काम घरच्या माणसास शिकवून त्याच्यावर सोपविले. कल्पना किती गोड! घरात माणसे आहेत, माया आहे, मग आणखी काय पाहिजे? सहा महिन्यांनी पाहिले तो मृत वा परावलंबी रोग्यांचे प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ४७. ही दोन परीक्षणे शेजारी ठेवून वाचावी. यंत्रावाचून अडत नाही. पण नुसत्या मायेनेही भागत नाही. मधला जो शिकलेला मनुष्य उंबरठा ओलांडून आत येतो, तोच खरा उपाय दिसतो.

आता गोंदियाकडे वळू. भंडाऱ्यातून हा जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. २०११ च्या गणनेत लोकसंख्या तेरा लाखांवर. दक्षिणेस लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेविली. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात १५९९ मृत्यू झाले, त्यांतील २२९ मेंदूच्या झटक्याने. इतर कोणत्याही एका कारणाने इतके बळी घेतले नाहीत. यांतील बहुसंख्य घरीच वारले. हा श्रीमंत शहरांचा रोग, ही समजूत या एका नोंदीने संपावयास हवी होती.

जे वाचतात त्यांनी चालावयाचे कोठे? अमेरिकन शस्त्रवैद्य जॅकेलिन पेरी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली एक मोजमाप घालून दिले: सेकंदास ०.४ मीटरहून कमी वेग म्हणजे मनुष्य घरापुरता, ०.८ मीटरहून अधिक, म्हणजे तासास सुमारे तीन किलोमीटर, तर तो गावात हिंडू शकेल. मोजमाप उत्तम, पण ते गुळगुळीत जमिनीवरचे. धानाच्या बांधीचा धुरा हातभर रुंद, पावसाळ्यात निसरडा, एका बाजूस चिखल. झटक्यानंतर घोटा वर उचलत नाही, पावलाचा पुढचा भाग लोंबतो, रोगी पाय बाहेरून फेरी मारून पुढे टाकतो. त्या फेरीस धुऱ्यावर जागाच नाही. पायातील सपाता दहा पावलांत निसटतात. टाचेस पट्टा असलेली वहाण हवी. काठी बहुतेक लोक लुळ्या बाजूस देऊ पाहतात. ती चांगल्या हातात हवी. घरात जमिनीवर बसून जेवण, उकिडवे बसून शौच. खुर्चीवरून उठता आले म्हणजे भागले असे येथे नाही. हे सारे कोणी तरी त्या घरी, त्या धुऱ्यावर उभे राहून शिकवावयास हवे.

२०१६ साली गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट. तरी हिशेब करून पाहावा. अमेरिकेतील त्या परीक्षणात उपचाराच्या ३६ खेपा होत्या, आठवड्यास साधारण तीन. देवरी किंवा अर्जुनी-मोरगावच्या बाजूच्या खेड्यातून तितक्या खेपा गोंदियास करावयाच्या, तर रोग्याचे भाडे आणि सोबत्याचा ३६ दिवसांचा रोजगार बुडाला. आणि आषाढात झटका आला असेल, तर तो सोबती त्या वेळी रोवणीत असतो.