उडून जाणाऱ्या इंधनाचा इतिहास

इंधनांचा इतिहास बहुधा खाणींचा व विहिरींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी जमीन खणली, कोणास तेल लागले आणि कोण गबर झाले, एवढ्यावर तो संपतो. प्रोपेनची हकीकत थोडी निराळी आहे. ते वाया जाणाऱ्या जिनसातून हाती लागले, आणि त्याच्या गुणदोषांचे मूळ या जन्मकथेतच आहे.

प्रोपेन हे द्रव्य रसायनज्ञांस नवे नव्हते. फ्रान्सच्या बर्थेलो यांनी ते १८५७ साली शोधले होते. पण त्यावर भाकरी भाजता येईल, असे कोणाच्या मनात आले नव्हते. पुढे १९१० च्या सुमारास अमेरिकेत मोटारी वाढू लागल्या. तेलविहिरींतून निघणारा वायू दाबून त्याचे पेट्रोल करीत. ते मोठे चंचल असे. पिट्सबर्ग येथील एका मोटारमालकाने सरकारी खाण-खात्यातील रसायनज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांच्याकडे गाऱ्हाणे नेले, की विकत घेतलेले पेट्रोल घरी पोहोचेपर्यंत निम्मे उडून जाते, असे सांगतात. स्नेलिंग यांनी नमुना काचेच्या भांड्यात घेतला, तर वाफेच्या दाबाने बूच पुनःपुन्हा उडू लागले. त्यांनी पाणी तापवण्याच्या जुन्या बंबाच्या नळ्या व हाताशी असलेले सामान जोडून या पेट्रोलाचे घटक वेगळे केले. उडून जाणारा भाग होता मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचा. १९१२ साली हा वायू पेनसिल्व्हेनियातील एका घरी वापरात आला आणि १९१३ साली स्नेलिंग यांना पेटंट मिळाले.

या वायूचे मर्म त्याच्या स्वभावात आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून मोकळ्या हवेत ते वायुरूप असते. परंतु माफक दाबाखाली त्याचा द्रव होतो आणि त्याला सुमारे २७० पट कमी जागा लागते. म्हणजे नळ न टाकता वायू घरोघर नेता येतो. शहरांत नळाचा वायू होताच. नळ न पोहोचलेल्या शेतघरांना प्रोपेनने शहराची सोय दिली. याचा आर्थिक लाभ तो हाच.

दुसरा लाभ हवेचा. एक किलो प्रोपेन पुरते जळाले, तर तीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढीच उष्णता दगडी कोळशापासून घेतल्यास सुमारे दीडपट निघतो. शिवाय काजळी व राख ही वेगळीच. प्रोपेन सांडले तरी रॉकेलसारखे मातीत मुरत नाही. मात्र ते हवेहून दीडपट जड असल्याने गळाल्यास जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने घात करते. मुळात त्याला वास नसतो. लोकांना गळती कळावी म्हणूनच त्यात दुर्गंधी द्रव्य मिसळतात.

आता आपल्याकडे येऊ. १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत असा द्रवीभूत वायू विकण्यास आरंभ केला. आपल्या घरगुती सिलिंडरांत प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते. साध्या मातीच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा १० ते १५ टक्के भाग भांड्याला लागतो. वायूच्या शेगडीवर ६० टक्क्यांहून अधिक. पण खरा हिशेब फुंकणीचा आहे. चुलीपुढे पिढ्यान्‌पिढ्या डोळे चोळीत बसलेल्या बाईचा दम आणि सरपणापायी गेलेले दिवस कोणत्या वहीत लिहिले गेले?

२०१६ साली उज्ज्वला योजनेने गरीब घरांत शेगडी नेली, हे मोठे काम झाले. परंतु पहिले सिलिंडर संपल्यावर दुसऱ्याचे पैसे जमले नाहीत, तर चूल पुन्हा पेटते; आणि आपण वापरतो त्या वायूचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून येत असल्याने तिकडच्या भावाची झळ इकडच्या घराला लागते. शिवाय हाही भूगर्भातलाच वायू. तो अखेरचे उत्तर नव्हे.

तरीही त्याचे ऋण नाकारू नये. ज्याला व्यापारी उडून गेलेला माल समजत, त्याने लाखो घरांतला धूर हटवला. आता नव्या जोडण्या मोजून थांबू नये. दुसरे व तिसरे सिलिंडर किती घरी पोहोचले, हे मोजावे. धूर खरोखर किती हटला, ते त्यावरूनच कळेल.