लुटुपुटीच्या रणांगणावरील सामुराई

सोळाव्या शतकातील जपानचा इतिहास हा बहुतांशी दाइम्यो म्हणविणाऱ्या सरंजामदारांच्या अखंड कलहाचा इतिहास आहे. आणि त्या काळच्या चकमकी बोटाच्या पेराएवढ्या, रंगविलेल्या पुतळ्यांनिशी मेजावर पुन्हा लढण्याचा जो छंद पाश्चात्त्य देशांत रुजला, त्यात मुरलेल्या खेळाडूंना पुतळे मिळविण्यापेक्षा मनाजोगते नियम मिळविणे अधिक कठीण वाटत आले आहे.

या नियमांची वंशावळ जुनी आहे. थोरल्या रायस्विट्झने १८१२ मध्ये प्रशियाच्या राजापुढे मांडलेला युद्धखेळ त्याच्या मुलाने, धाकट्या रायस्विट्झने, सुधारून, नकाशे, फासे आणि निवाडा देणारा पंच यांसह १८२४ साली फौजेच्या शिक्षणासाठी सिद्ध केला. १९१३ साली एच. जी. वेल्स यांच्या 'लिटल वॉर्स'ने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया सामान्य घरांत नेल्या. आणि १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या 'वॉर गेम्स'ने या छंदाला प्रौढांत प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु या परंपरेची दृष्टी मुख्यतः पलटणी आणि तोफखान्यांवर खिळलेली होती. चकमकीच्या खेळात एक पुतळा म्हणजे एकच माणूस. तेथे त्या माणसाचे धैर्य आणि कसब यांनाच नियमांत स्थान द्यावे लागते.

१५६१ साली कावानाकाजिमाच्या चौथ्या लढाईत उएसुगी केन्शिन या दाइम्योने घोड्यावरून थेट आपला प्रतिस्पर्धी ताकेदा शिंगेन याच्या छावणीत घुसून तरवारीचा वार केला आणि शिंगेनाने तो बसल्या जागी आपल्या युद्धपंख्यावर झेलला, अशी आख्यायिका आहे. तिच्या सत्यासत्यतेचा निवाडा काहीही होवो, सामुराईंच्या खेळाकडून रसिकाची जी अपेक्षा असते, ती त्या एका क्षणात साठलेली आहे. उलट अवघ्या १४ वर्षांनी, १५७५ साली, नागाशिनो येथे लाकडी कठड्यांआडून आशिगारू म्हणजे साध्या प्याद्यांच्या बंदुकांनी त्याच ताकेदा घराण्याच्या नामांकित वीरांची धूळधाण केली. तेव्हा जो नियमसंग्रह केवळ तरवारीचे स्तोम माजवितो आणि भाला, धनुष्य व बंदूक यांना गौण लेखतो, तो इतिहासापेक्षा चित्रपटाशी इमान राखतो. आणि जो प्रत्येक शस्त्रासाठी व प्रत्येक जखमेसाठी कोष्टके रचीत बसतो, त्याच्या हिशेबात तो क्षणच हरवून जातो.

या पेचातून वाट काढण्याचे श्रेय ऑस्प्रे या प्रकाशनसंस्थेने २०१३ साली काढलेल्या क्रेग वुडफील्ड यांच्या 'रोनिन' या नियमसंग्रहाला मोठ्या प्रमाणावर द्यावे लागेल. दोन योद्धे भिडले की खेळाडू आपापल्या योद्ध्याच्या कुवतीनुसार मिळालेल्या सोंगट्या वार आणि बचाव यांत गुप्तपणे वाटून घेतात, आणि मगच फासे पडतात. सर्व सोंगट्या वारावर लावणाऱ्याचा घाव वाया गेला, तर त्याचा बचाव लुळा पडतो. आशिगारूच्या वाट्याला सोंगट्या थोड्या, कसलेल्या सामुराईच्या वाट्याला अधिक. त्यामुळे योद्ध्याचे कसब नुसता आकडा न राहता खेळणाऱ्याच्या हातातील पर्याय बनते.

चांगल्या नियमांची कसोटी त्यांच्या पृष्ठसंख्येत नाही. फासे पडण्यापूर्वी योद्ध्याच्या वतीने खेळाडूला खराखुरा निर्णय घ्यावा लागतो की नाही, यात ती आहे. म्हणून नवा संग्रह हाती घेणाऱ्याने प्रथम दोनच पुतळ्यांची एक झुंज खेळून पाहावी. ती मन धरून ठेवीत नसेल, तर उरलेल्या प्रकरणांची पारायणे करूनही समाधान लाभणार नाही.